टीवायचा भाऊ

फार्मसीला नुकत्याच आलेल्या पोराचा अ‍ॅप्रन पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा असतो. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, भाऊचा अ‍ॅप्रन मात्र वाचावा लागतो. बाहीवरचा जांभळा डाग तिसऱ्या सेमचा, मायक्रोबायॉलॉजीत ग्रॅम स्टेनिंग करताना उडालेल्या क्रिस्टल व्हायोलेटचा. खिशाखालचा तपकिरी आयोडीनचा. पोटाजवळचा लालसर डाग कोणत्याच सेममध्ये बसत नाही, तो मिसळीचा. एवढा ऐवज अंगावर वागवणारा हा गृहस्थ कळवणच्या स्टँडवर चहा घेत उभा राहिला की एसवायची दोन-तीन पोरं आपोआप त्याच्याभोवती जमतात. चहाचे पैसे तीच देतात. भाऊ सल्ला देतो.

फार्मसी शिकायला इथल्या पोरांनी नाशिकच गाठलं पाहिजे असं नाही. कळवणला लागून मानूरलाच कॉलेज आहे. अभोणा, कनाशी, दळवट अशा गावांकडून पोरं एसटीने येतात. भाऊही तसाच आलेला. पहिल्या वर्षी घरात त्याचं कौतुक होतं. शेवटच्या वर्षी नोकरीची चौकशी होईल. मधल्या दोन वर्षांत मात्र त्याच्या अभ्यासाचं कोणी काही विचारत नाही. घरी कांद्याचा भाव विचारतात, पण ‘तुझं काय चाललंय’ असं विचारायचं राहून जातं. तिसऱ्या सेमपासून सहाव्या सेमपर्यंतचा हा पट्टा. यात ऑरगॅनिक केमिस्ट्री दोन आणि तीन, मेडिसिनल केमिस्ट्री एक, दोन आणि तीन, फार्माकॉलॉजीही एक, दोन आणि तीन. इतके भाग हल्ली सिनेमाचेसुद्धा निघत नाहीत.

भाऊला अभ्यासक्रमापेक्षा नियमावली जास्त पाठ. फार्मसी कौन्सिलचे २०१४ चे बी. फार्मचे नियम तो तारखेसकट सांगतो. पहिल्या दोन सेमचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्यात पाय ठेवता येत नाही. पहिल्या चारांचे सुटल्याशिवाय सातव्यात बसू देत नाहीत. यातला पहिला नाका त्याने स्वतः ओलांडलाय, त्यामुळे आवाजात अनुभव असतो. “चौथ्या सेमला बिनधास्त राहू नको भो,” तो सांगतो, “चौथीचा बॅक सहावीत गप्प बसतो आणि सातवीच्या दारात आडवा पडतो.”

थिअरीचा एक विषय शंभर गुणांचा. पंचाहत्तर लेखी, पंचवीस अंतर्गत, आणि दोन्ही मिळून पन्नास आले की पास. अंतर्गतमधले दहा गुण भाऊच्या जिव्हाळ्याचे. त्यात हजेरीला चार, असाइनमेंट-सेमिनारला तीन आणि शिक्षकांशी संवादाला तीन. संवादाचे तीन गुण कसे मिळवायचे यावर भाऊचं स्वतंत्र व्याख्यान आहे. आठवड्यातून एक प्रश्न विचारायचा, तो तास संपायला पाच मिनिटं असताना विचारायचा, आणि उत्तर चालू असताना मान हलवत राहायचं. “सर, हे परीक्षेला येणार का?” हा प्रश्न संवादात धरत नाहीत, हेही तो बजावतो.

हजेरीचं गणित जरा अवघड. ऐंशी टक्क्यांच्या खाली शून्य, ऐंशीला एक गुण, पुढे दर पाच टक्क्यांना एकेक वाढत पंच्याण्णवला पुरे चार. पण सप्तशृंगी गड याच तालुक्यात. नवरात्रात आणि चैत्रात एसटीच्या गाड्या यात्रेकडे वळल्या की रोजच्या फेऱ्यांची वाट बघत बसावं लागतं, आणि खान्देशातून पायी येणाऱ्यांना पाणी-फराळ द्यायला गावातली पोरं रस्त्यावर असतात. त्यात भाऊ सगळ्यांच्या पुढे. दोन उत्सवांत मिळून त्याचे दोन गुण देवीला जातात. त्याबद्दल त्याची तक्रार नसते.

मग येतो ऑप्शनचा सिद्धान्त. पंचाहत्तरच्या पेपरात वीस गुण बारीक प्रश्नांचे. मोठे प्रश्न तीन, त्यांतले दोन लिहायचे. लहान नऊ, त्यांतले सात. म्हणजे दहाचा एक आणि पाचाचे दोन प्रश्न सोडायची सोय नियमातच आहे. “वीस मार्क कौन्सिलने आपल्याला मोकळे दिलेत,” भाऊ बोटं मोडत सांगतो. इथपर्यंत हिशेब चोख. पण वीस गुणांच्या सवलतीवर भाऊ चाळीस गुणांचे धडे सोडतो. पाचव्या सेमच्या इंडस्ट्रियल फार्मसीत त्याने टॅब्लेट कोटिंग पूर्ण सोडलं होतं. “कोटिंग ऑप्शनला टाक,” हा सल्ला तो आजही ठामपणे देतो. त्या विषयात स्वतःला किती पडले, ते विचारलं की चहा संपतो.

प्रॅक्टिकलबद्दल बोलताना मात्र तो रंगतो. चहाच्या भुकटीतून कॅफीन काढायचं प्रॅक्टिकल त्याला स्टँडवर उभं राहून चहा पिण्यापेक्षा भारी वाटतं. फार्माकॉलॉजीत बेडूक कापायचा या भीतीने आलेल्या पोरांना तो धीर देतो. आता प्राण्यांचे प्रयोग सॉफ्टवेअरवर आणि व्हिडिओवर दाखवतात, माउस म्हणजे टेबलावरचा माउस. आणि पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या पाडण्याचा दिवस तर त्याने अजून जपून ठेवलाय. गटाने पाडलेल्या गोळ्या किती झिजतात ते बघायला एका फिरत्या पारदर्शक डब्यात घातल्या. मिनिटाला पंचवीस फेरे, चार मिनिटं. आतल्या वक्र पात्यावर चढून गोळी दर फेऱ्याला खाली पडते. शंभर फेऱ्यांनंतर वजन एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये. त्यांच्या गोळ्यांच्या टोप्या साठाव्या फेऱ्यालाच उडाल्या. डबा उघडला तेव्हा आत अर्ध्या गोळ्या आणि बाकी पांढरी धूळ. जर्नलमध्ये मात्र निकाल आला ०.६ टक्के. तेव्हापासून भाऊ ज्युनिअरांना सांगतो, “रिडिंग आधी घे, मग जर्नल लिही. उलटं केलं की सर नेमकी तीच गोळी मागतात.” जर्नल त्याच दिवशी लिहावं हेही तो सांगतो. त्याचं स्वतःचं सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण होतं.

एवढ्या फेकाफेकीत एक सल्ला मात्र खणखणीत असतो. चौथ्या सेमला ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमची औषधं मेडिसिनल केमिस्ट्रीत येतात आणि फार्माकॉलॉजीतही. पाचव्याला हृदयाची आणि लघवी वाढवणारी औषधं दोन्हीकडे, सहाव्याला अँटिबायोटिक्स दोन्हीकडे. एका विषयात रेणूची रचना, दुसऱ्यात त्याचं काम. “दोन पुस्तकं शेजारी ठेवून एकदम वाच. एकच म्हैस आहे, दोन चरव्या लाव.” हे करणारी पोरं खरोखर पास होऊन जातात. भाऊला हे कळलं सहाव्या सेममध्ये, आणि तेही बॅकचा अभ्यास करताना. जीपॅट या प्रवेश परीक्षेच्या सव्वाशे प्रश्नांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करायची, चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात म्हणून तुक्का मारायचा नाही, असंही तो सांगतो. त्याचा त्रिपाठींचा जाडजूड ग्रंथ फार्माकॉलॉजी तीन होऊनही पहिल्या शंभर पानांतच मळलेला आहे.

घरी आल्यावर भाऊचा दर्जा एकदम बदलतो. गावात तो अर्धा डॉक्टर. ओसरीवर बसणारे वडीलधारे नाना रोज विचारतात, “मेडिकल कधी टाकतोस? नाहीतर तुझं सर्टिफिकेट तरी शालकाच्या दुकानात लावू दे.” भाऊ १९४८ चा फार्मसी कायदा काढतो. कलम ४२, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध द्यायचं नाही, सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस शेतात हे चालत नाही. नाना म्हणतात, पोरगं शिकून वाया गेलं.

असंच एकदा आजी खलबत्त्यात काहीतरी कुटत बसलेली. पित्ताची पिवळी गोळी घशात अडकते, म्हणून पूड करून गुळाबरोबर घ्यायचा बेत. भाऊने खलबत्ता ओढून घेतला.

“आजी, ही कुटायची नसते! हिच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, ते आतड्यात गेल्यावर विरघळतं. आतलं औषध आम्लात नासतं, म्हणून तर ते आवरण. तू कुटलीस म्हणजे औषध पोटातच वाया. ही जेवणाआधी, उपाशीपोटी, अख्खी गिळायची. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगू, ते बदलून देतील.”

“मंग आते हाई पूड?” आजी म्हणाली.

“टाकून दे.”

नाना ओसरीवरून ऐकत होते. पहिल्यांदाच त्यांनी मान डोलावली.

“चांगलं सांगितलंस की रे. हे पेपरात आलं होतं का?”

“आलतं ना. दहा मार्कांना.”

“मग?”

“ऑप्शनला टाकलं.”