मैदानाला जोडून विद्यापीठ

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिक्षणही देतात, हे मला ॲन आर्बरला पोचल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. भाच्याने गाव दाखवायला नेलं ते आधी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडे, तिथून बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाकडे आणि तिथून बर्फावरच्या हॉकीकडे. ग्रंथालय कुठे आहे, असं विचारल्यावर म्हणाला, "असेल की मामा, कुठेतरी." त्याने याच गावातल्या मिशिगन विद्यापीठातून एम. एस. केलं आहे, म्हणून मी विषय वाढवला नाही.

तिथल्या फुटबॉल मैदानाला सगळे 'बिग हाउस' म्हणतात. ते १९२७ साली बांधलं आणि आज त्यात १,०७,६०१ माणसं बसतात. तीन वानखेडे भरतील आणि वर काही हजार माणसं उरतील. गावाची वस्ती आहे सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सामन्याच्या दिवशी चोरांची चैन व्हायला हवी, पण बहुधा तेही सामन्याला येत असावेत. आकड्याच्या शेवटी जो 'एक' आहे, ती फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाची जागा. ती नेमकी कुठली, हे कुणालाच ठाऊक नाही. मैदानात बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, लांबलचक बाकं आहेत. त्यांवर रेघा आखून आकडे टाकलेत आणि दोन रेघांमध्ये एक माणूस बसेल असं गृहीत धरलंय. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तीन आकडे झाकले होते. मानाची जागा त्यांच्याखालीच असणार, असा माझा अंदाज आहे.

विद्यापीठाचे रंग मक्याचा पिवळा आणि निळा. शनिवारी सकाळी पिवळे कपडे घातलेली गर्दी रस्त्याने निघाली, तेव्हा मला सोमवती अमावास्येची जेजुरी आठवली. फक्त इथे भंडारा अंगावर उधळत नाहीत, तो दुकानात टी-शर्ट म्हणून विकत मिळतो, आणि स्वस्त मिळत नाही. सामना दुपारी असला तरी लोक सकाळपासून समोरच्या हायस्कूलच्या आवारात गाड्या लावून, डिक्या उघडून शेगड्या पेटवतात. संघाचं बोधचिन्ह वुल्व्हरिन. हा प्राणी मिशिगनच्या रानात जवळपास सापडतच नाही, पण गंजीफ्रॉकपासून लंगोटापर्यंत सर्वत्र आढळतो.

खेळ साठ मिनिटांचा असतो आणि साडेतीन तास चालतो.

"आता का थांबले?" मी विचारलं.

"जाहिरात आहे मामा."

"मैदानात कुठली जाहिरात?"

"टीव्हीवर. ती संपेपर्यंत हे उभे राहतात."

खरोखरच बावीस धिप्पाड तरुण आणि लाखभर माणसं कुणाच्या तरी ट्रकची जाहिरात संपायची वाट पाहत उभी होती. एवढी शिस्त मी आयुष्यात कुठल्याही वर्गात पाहिली नाही.

मध्यंतरात भाच्याने मला या खेळामागचा हिशेब समजावला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो आणि कुलगुरूही नसतो. तो असतो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक. खेळाडू मात्र कित्येक दशकं 'हौशी' होते. शिष्यवृत्ती घ्यायची आणि हाडं मोडून घ्यायची. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवायची मुभा त्यांना २०२१ साली मिळाली आणि विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली ती २०२५पासून. फुटबॉलच्या गल्ल्यावर नौकानयन, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे बिनगल्ल्याचे संघ चालतात. शिवाय १९७२चा 'टायटल नाइन' हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला मुलींना वगळता येत नाही, त्यामुळे मुलींचेही संघ उभे राहिले. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवूनही मला न कळलेलं 'क्रॉस सबसिडी' हे प्रकरण त्या बाकावर, तीन आकड्यांच्या गृहस्थांशेजारी चेपून बसलेलं असताना, लख्ख कळलं.

खरं वैर शेजारच्या ओहायो राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी. सीमाप्रश्न फक्त आपल्याकडे आहे अशी माझी समजूत होती, पण टोलेडो नावाच्या गावावरून ओहायो आणि तेव्हा अजून राज्य न झालेलं मिशिगन १८३५मध्ये एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. टोलेडो ओहायोला गेलं. १८९७पासून दोन्ही विद्यापीठं तो प्रश्न चेंडूने सोडवताहेत. सामन्याच्या आठवड्यात ओहायोचे विद्यार्थी आपल्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरांवर लाल पट्ट्या चिकटवतात. एकमेकांची पाटी काळी करायची सोडून स्वतःचीच लाल करणारं हे आंदोलन मला फार सुसंस्कृत वाटलं.

हे सगळं पाहताना मला आमचं कॉलेज आठवणं अपरिहार्य होतं, कारण मी काही वर्षं तिथे जिमखाना प्रमुख होतो. मला प्रमुख केलं, कारण ते ठरलं त्या बैठकीला मी गैरहजर होतो. जिमखाना म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन कॅरमबोर्ड आणि पी.टी.चे सर. निवड चाचणीची नोटीस चाचणीच्या दुसऱ्या दिवशी लागायची. आमचा कबड्डीचा संघ एसटीने जायचा, यजमान कॉलेजच्या वर्गात बाकं सरकवून सतरंजीवर झोपायचा आणि सकाळी त्याच पाठीने चढाई करायचा. ट्रॅकसूट यायचे, पण मार्चमध्ये. उन्हाळ्यात ते घालून पोरं घामाघूम व्हायची आणि सर म्हणायचे, "वॉर्म-अप होतोय."

तरीही याच व्यवस्थेतून माणसं घडली. क्रिकेटमध्ये वाडेकर आणि गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळले. कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. हे मी भाच्याला सांगितलं, तेव्हा तो प्रथमच मैदानावरची नजर काढून माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात मिशिगनने गुण मिळवला, तोही त्याच्या नजरेतून सुटला आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं.

एकीकडे कोट्यवधींचा प्रशिक्षक, दुसरीकडे घर गहाण टाकणारा प्राचार्य. या दोन टोकांच्या मध्ये एखादी व्यवस्था असायला हरकत नसावी. आपल्याला एक लाख आसनांची गरज नाही. वेळेवर लागलेली नोटीस, झोपायला गादी आणि थंडीत मिळणारा ट्रॅकसूट एवढ्यावरही आपली पोरं पदक आणतील.

तेव्हा वाचकहो, यंदा मुलांची कॉलेजची फी भराल तेव्हा पावतीवर 'जिमखाना शुल्क' ही ओळ शोधा. ती असतेच. मग कॉलेजात जा आणि त्या पैशांचं काय होतं ते विचारा. कपाटाची किल्ली सापडत नाही, असं उत्तर मिळेल. ती सापडेपर्यंत तिथून हलू नका.