डाव्या हाताचा किनारा

मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजावर किनारा डाव्या हाताला असतो, आणि म्हणून माणसंही डाव्या हाताला असतात. उजवीकडे अरबी समुद्र थेट आफ्रिकेपर्यंत मोकळा पडलेला असतो. त्याच्याकडे तोंड करून एखादाच गृहस्थ उभा, आणि तोही बहुधा बायकोशी अबोला धरून आलेला. बाकी सगळा गाव डाव्या कठड्याला रेललेला. ‘ती खांदेरी का हो?’ ‘छे, ती उंदेरी. दीपगृह आहे ती खांदेरी.’ मग कुणीतरी कान्होजी आंग्र्यांना मध्ये आणतो, कुणी यंदाच्या नारळाच्या भावाला. समुद्र बघायचा म्हणून ही मंडळी घरून निघालेली असतात, समुद्राकडे उघडणाऱ्या खोलीचे जादा पैसेही मोजलेले असतात. आणि आता ती जमीन बघत असतात, जी तासाभरापूर्वी, वाहतुकीला शिव्या देत, त्यांनी आपणहून सोडलेली असते.

संध्याकाळी मात्र चित्र पालटतं. सूर्य बुडायचा तो पश्चिमेलाच, त्यामुळे डावीकडचा सारा समाज फोन उंचावून उजवीकडे लोटतो. आरतीपुरतं गाभाऱ्यासमोर यावं तसं दहा मिनिटं सगळे तन्मय होतात, बिंब पाण्याखाली गेलं की एक सामुदायिक ‘आहा’ निघतो, आणि मंडळी परत डावीकडे येतात. कारण आता किनाऱ्यावर दिवे लागायला लागलेले असतात. ते श्रीवर्धन असेल की हर्णै, यावर पैज लागते. पैज जिंकल्याचं कुणालाच कधी कळत नाही, कारण विचारायला तिथे कोणी नसतं. काळोखात लांबवर लुकलुकणाऱ्या एका दिव्यासाठी माणसाच्या मनात एवढी माया कुठून येते, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याच गावातून दिवसाढवळ्या एस.टी.ने गेलो असतो तर खिडकीची काच बंद करून झोपलो असतो.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी दोन रात्रींची सफर आणि आठवडा-पंधरवड्याची सफर यांत फरक काय, असं मला अधूनमधून विचारलं जातं. विचारणाऱ्याला खाणं, खर्च आणि खोलीचा आकार अभिप्रेत असतो. मला मात्र डोळ्यांसमोर माणसंच दिसतात. दोन रात्रींच्या सफरीत माणूस जहाजावर येतो, पण त्याचं घड्याळ घरीच राहिलेलं असतं. पहिला अर्धा दिवस सामान, रांगा आणि आपली खोली सापडण्यात जातो. सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी, गालिच्यावरची नक्षीसुद्धा सारखी. पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं, हे जमिनीवर साठ वर्षं व्यवस्थित चाललेल्या माणसालाही कळेनासं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याची जागा सापडते, दुपारी ती चुकवून जिमखान्यात निघतो. मग संध्याकाळी, आता जिना कुठे संपतो ते बिनचूक कळायला लागलं असं वाटतं, तोच मोठ्या बॅगा चिठ्ठी बांधून रात्री दाराबाहेर ठेवायची सूचना येते. जहाज ओळखीचं होतं त्याच रात्री ते परकं होतं. शिवाय किनारा जवळ असला की फोनची रेंज मधूनच येते, आणि समुद्राच्या ऐन मध्यावर एखाद्याला आठवण होते, की सोसायटीच्या टाकीची सफाई आजच आहे.

म्हणून आखूड सफरीकडून समुद्राची फार अपेक्षा धरू नये. अपेक्षा धरायची ती गर्दीची, गाण्याबजावण्याची, रात्री बारालाही उघड्या असलेल्या खाण्याच्या टेबलाची, आणि सोबतच्या माणसांची. तेवढं पुष्कळ असतं. जहाज अनेकदा कुठे जातही नाही. मुंबईहून निघतं, खोल पाण्यात एक सावकाश चक्कर मारतं आणि मुंबईलाच परत येतं. कुठेही न पोचता परत येण्यासाठी माणसं आनंदाने पैसे मोजतात, हे पाहून माझ्यातला कोकणी माणूस थोडा गडबडतो.

कारण आमच्याकडे बोट ही पोचण्यासाठीच असायची. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं ज्यांच्या कानांवर बालपणी पडली, त्यांना भाऊच्या धक्क्यावरचा तो गलका अजून ऐकू येत असेल. डेकवर आधी पोचणाऱ्याने सतरंजी पसरायची, तिच्यावर म्हातारं माणूस बसवायचं आणि मग उरलेलं कुटुंब शोधायला जायचं, अशी रीत होती. हवेला डिझेल, सुकी मासळी, आंबे आणि बोट लागलेल्या कुणाच्यातरी लिंबाचा एक मिश्र वास असायचा. माझी आजी सबंध रात्र समुद्राकडे पाठ करून, ट्रंकेवर हात ठेवून आलेपाक चघळत बसलेली असे. मी कठड्याकडे ओढू लागलो की म्हणायची, “दर्याक काय बघतंस? तो खंय जातलो?” पहाटे सिंधुदुर्गाची काळी रेघ दिसू लागली, की मात्र तिचा हात पहिल्यांदा ट्रंकेवरून उचलला जायचा आणि दुसऱ्या हाताला जोडला जायचा. तिला अख्ख्या प्रवासात बघायचं होतं ते एवढंच.

उतरण्याचा सोहळा वेगळा. बोट धक्क्याला लागायची नाही. ती दूर पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोट वर जाई तेव्हा पडाव खाली, पडाव वर येई तेव्हा बोट खाली, आणि या दोन खालीवर होणाऱ्या जगांमधून सगळं गाव उतरवायचं. आधी पोरं हातोहात जायची, मग आंब्यांच्या रिकाम्या पेट्या आणि ट्रंका, आणि सगळ्यांत शेवटी म्हाताऱ्या, कारण त्या ट्रंका मोजल्याशिवाय हलायच्या नाहीत. दोन हात वर, दोन हात खाली, मध्ये नऊवारीतली माझी आजी, आणि तिच्या चेहऱ्यावर तहसील कचेरीत सही करतानाचं गांभीर्य. त्या क्षणभरात ती ना समुद्राची असे ना जमिनीची. आजच्या जहाजावर गालिचा अंथरलेल्या उतरंडीवरून चाके लावलेली बॅग ओढत उतरणाऱ्या आजीबाई दिसल्या, की मला बरंही वाटतं आणि किंचित हळहळही.

हळहळीवरून आठवलं. मोठ्या जहाजावर सुटण्याच्या आधी किंवा सुटताक्षणी सुरक्षेची कवायत घ्यावीच लागते. भोंगा सात वेळा आखूड वाजतो, एकदा लांब, आणि सगळ्यांनी नेमून दिलेल्या जागी जमायचं असतं. तिथे जमलेल्या समुदायासारखं विनोदी दृश्य जगात विरळा. नारिंगी जाकिटात प्रत्येकाची मान नाहीशी झालेली असते, नवरा बायकोचा पट्टा आवळतो तर बायको त्याचा फोटो काढते, एखादे आजोबा जाकीट उलटं घालून शांत उभे असतात. मीही हसतो. पण अलिबाग-रेवसकडचं कुणी शेजारी उभं असलं की ते हसत नाही, असं माझ्या ध्यानात आलेलं आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. आषाढ अमावास्येचा दिवस होता, माणसं सणाला घरी निघालेली होती. ६०० हून अधिक माणसं त्या दिवशी पोचली नाहीत. काही वाचली ती रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतल्यामुळे. तो प्रवास आजच्या हिशेबाने अगदीच आखूड होता, आणि किनारा तर नजरेच्या टप्प्यात होता. तेव्हापासून आखूड प्रवास म्हणजे किरकोळ प्रवास, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. जाकिटाचा पट्टा मी निमूटपणे आवळून घेतो.

सगळ्यांत आखूड सफर म्हणजे गेटवेहून मांडव्याची. तासभराचं काम. हिवाळ्यात गेलात तर बोटीमागे कुरव पक्ष्यांचा पांढरा थवा लागतो. प्रवासी गाठ्या भिरकावतात, पक्षी त्या हवेतच टिपतात, आणि पोरं आनंदाने किंचाळतात. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून आलेले असतात. डोंगररांगा ओलांडून, अर्धा देश मागे टाकून आलेले हे थोर प्रवासी आपल्या तासाभराच्या बोटीमागे तळलेल्या पिठासाठी कालवा करत धावतात, याचं मला आधी वाईट वाटायचं. तळलेलं त्यांना मानवत नाही हे खरं, आणि खायला न घालणंच बरं. पण त्यांचा कंठरव ऐकताना वाटतं, लांबचा प्रवास करणाऱ्यालाही शेवटी चार माणसांच्या कालव्यात यावंसं वाटत असेल.

आता लांबची सफर. आपल्याकडची पुष्कळ मंडळी ती पहिल्यांदा करतात ती अमेरिकेत, मुलाकडे किंवा लेकीकडे गेल्यावर. मुलं सात रात्रींच्या अलास्का सफरीवर नेतात. सिॲटलहून निघालेलं परदेशी झेंड्याचं जहाज परतीच्या वाटेवर एखाद्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतं. कारण १८८६ चा एक अमेरिकन कायदा अशा जहाजाला मध्ये परदेशी बंदर घेतल्याशिवाय प्रवाशांची अशी ने-आण करू देत नाही. एका जुन्या कायद्याच्या कृपेने आपले नाना-नानी रात्री आठ वाजता कॅनडा बघून येतात. या सफरीत मराठी माणूस मराठी माणसाला दुसऱ्या दिवसापर्यंत शोधून काढतो, तिसऱ्या दिवशी ‘मूळचे कुठले’ निघतं, आणि चौथ्या दिवशी चिपळूणची एक सामाईक मावशी सापडते. पाचव्या दिवशी अठ्ठावीस पदार्थांच्या टेबलासमोर उभं राहून दोघीजणी मेतकूट-भाताविषयी हळू आवाजात बोलतात. अलास्कातल्या ग्लेशिअर बेमध्ये जहाज शिरलं की उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात आणि सगळे श्वास रोखून बर्फाचा कडा बघतात. म्हणजे आठवडाभराचा प्रवास करूनही पुन्हा जमीनच. तेव्हा कळलं, की प्रश्न दिवसांचा नाहीच. किनारा किती वेळ सुटतो याचा आहे.

तो खरा सुटतो अटलांटिकवर. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणारी ‘क्वीन मेरी २’ सहसा सात रात्री घेते आणि मधले दिवस कुठेच काही दिसत नाही. पश्चिमेला जाताना वाटेत पाच रात्री घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे माणसाला पंचवीस तासांचे दिवस मिळतात. आयुष्यभर ज्या वेळासाठी आपण कुरकुरलो, तो असा रोज तासभर हातात आला की त्याचं काय करावं हे कुणालाच सुचत नाही. बहुतेक जण तो झोपून घालवतात. पहिल्या दिवशी माणसं उत्साहात असतात, दुसऱ्या दिवशी चिडचिडी. खोलीतल्या टीव्हीवर निळ्या नकाशात एक ठिपका सरकताना दिसतो, तो बघत बसतात, म्हणजे जमीन शोधणं चालूच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काहीतरी सैल होतं. टीव्ही बंद होतो. कुठल्याही कठड्याला उभं राहिलं तरी सारखंच, त्यामुळे गर्दी विखुरते. माणसं पाण्याकडे बघू लागतात, आणि थोड्या वेळाने एकमेकांकडे. लांबच्या सफरीकडून अपेक्षा धरायची ती याची, आणि उतरल्यावर दोन दिवस घरातली फरशी डुलत राहील, याची.

१८८३ साली कलकत्त्याहून निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत कुणी आप्त नाही, शाकाहाराचा निश्चय, आणि पुढे डॉक्टर होण्याचं काम. त्यांच्या दोन महिन्यांपुढे आपले सात दिवस आणि आपली जाड उशी यांची तक्रार करणं मला जमत नाही.

ज्यांना चार माणसांत हसायचं-खेळायचं आहे त्यांनी दोन रात्रींची सफर करावी, आणि स्वतःशी दोन दिवस भांडून तिसऱ्या दिवशी समेट करायची तयारी असेल त्यांनीच लांबची. पण दोन्हींच्या आधी मांडव्याची बोट घ्या. सहज उलटी होत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. गेटवेच्या लाँच मेअखेरीपासून पावसाळाभर बंद असतात, दर्या निवला की पुन्हा सुरू होतात. वरच्या डेकचे थोडे जादा पैसे पडतात, ते द्या. जिना मात्र उभा आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांचे गुडघे साथ देतात तोवर जाऊन या.