सोन्या, तुझ्या आईला सांग

आमच्या सासूबाई मला कधी टाकून बोलत नाहीत. माहेरी एवढंच सांगते, म्हणजे आई निर्धास्त होते. त्यांना जे बोलायचं असतं ते त्या बाळाशी बोलतात. "काय रे सोन्या, पाय गार पडले ना? मोजे नाही घातले कुणी?" घरात मोठी माणसं तीन, त्यातलं एक ऑफिसात. 'कुणी' म्हणजे कोण, हे कळायला पंचांग उघडावं लागत नाही. लेकी बोले सुने लागे ही जुनी रीत. सासूबाईंना लेक नाही, म्हणून ते खातं नातवाकडे आलं.

मोज्यांचा हा संवाद डोंबिवलीतला, मे महिन्यातला. मी घामाने निथळत होते आणि बाळाच्या डोक्याला कुंची होती.

सुरुवातीला मी डॉक्टरांना पुढे केलं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते म्हटलं. सासूबाईंनी सहाण धुऊन पुसून समोर ठेवली. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, खारीक, बदाम अशी सगळी मंडळी डब्यातून बाहेर आली. "सोन्या, आईला सांग, गुटी काही पाण्यात नाही उगाळायची. तिच्याच दुधात उगाळायची." जिनिव्हाच्या नियमाला सासूबाईंच्या सांगलीने अशी पळवाट काढली की मला दोन मिनिटं बोलताच येईना. शेवटी डॉक्टरांनीच स्पष्ट नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांचा उल्लेख 'तो मुलगा' असा होतो.

त्या मुलाने एकदा वजनाचा तक्ता दाखवला. बाळ बरोबर पन्नासाव्या पर्सेंटाइलच्या रेघेवर होतं. याच वयाच्या शंभर निरोगी बाळांतली पन्नास याच्याहून हलकी असतात, म्हणजे सगळं छान आहे, असं त्याने नीट समजावलं. सासूबाई रिक्षात बसेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पन्नास टक्के म्हणजे सेकंड क्लास झाला रे सोन्या. तुझ्या बाबांनी कधी पंचाहत्तर सोडले नाहीत."

बाबा या सगळ्यात कुठे असतात? अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ साली बेलग्रेडला भरली होती. पुढची भरेल तेव्हा अध्यक्षपदासाठी आमच्या ह्यांचं नाव मी सुचवणार आहे. "तुम्ही दोघी बघा काय ते" एवढं म्हणून हे मोबाइल चार्जिंगला लावायला आत जातात. तो मोबाइल कधीच पुरेसा चार्ज होत नाही.

मग मीही सोन्यामार्फतच उत्तरं द्यायला लागले. "सोन्या, आजीला सांग, काजळ डोळ्यात नको. तीट कपाळाला लाव म्हणावं, हवी तेवढी मोठी." याचा एक फायदा असा की बाळाशी बोलताना आवाज चढवता येत नाही. त्यामुळे आमच्या घरातली कडाक्याची भांडणं लाडेलाडे सुरात होतात. "ऐकलंस का रे लब्बाडा, आई म्हणते आजीला काही कळत नाही!" "नाही रे राजा, आई असं कुठे म्हणाली? आजीने मनानेच घेतलं!" शेजारच्या काकू दारातून ऐकतात आणि म्हणतात, "किती कौतुक करता हो दोघी!"

दुसरा उपाय नणंदेने द्यावा तर नणंद नाही. तो मला जाऊबाईंनी दिला. टीका सुरू झाली की ह्यांचं लहानपण काढायचं. "आई, हे लहान असताना जेवायचे का हो नीट?" सासूबाईंचा चेहरा उजळतो. कसला जेवतोय! भिंतीचे पोपडे काढून खायचा. एकदा तर दुपारभर दिसलाच नाही. दिवेलागणीला शेजारच्या ओट्यावर झोपलेला सापडला, तोवर इकडे सगळ्यांना वाटत होतं तो मामाकडे गेलाय. मी हे सगळं मनात टिपून ठेवते. सासूबाईंच्याही ते लक्षात येतं. "पण सर्दी म्हणून कधी झाली नाही हो त्याला," असं म्हणून त्या पंखा दोनवरून एकवर आणतात.

टीव्हीबद्दल मात्र मी हरले. लहान मुलांना स्क्रीन नको, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी सोन्या त्यांच्या मांडीवर असतो, पण, "तो कुठे टीव्ही बघतोय? तो माझ्याकडे बघतोय."

आता सोन्या बोलायला लागलाय. परवा आम्ही दोघी वरणभातावर तूप किती यावरून त्याच्यामार्फत वाद घालत होतो. त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग कापडी हत्तीला समोर बसवलं आणि माझ्यासारखी मान हलवून, पण सासूबाईंच्या सुरात विचारलं, "काय ले हत्ती, भूक लागली ना? जेवायला नाही दिलं कुणी?"

आम्ही दोघी एकदमच वाटीकडे धावलो. तूप सासूबाईंनी वाढलं. तीन चमचे.