गुहागरला जायचं झालं तर

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात 2011 सालची एलआयसीची डायरी असते. आत विम्याचा एक शब्द नाही. पेट्रोल भरून झालं की बायको पंपावरच ती उघडते आणि तारीख, लिटर, रुपये, मीटरचा आकडा अशी नोंद करते. शेवटचा रकाना 'शेरा'. मागचा गाडीवाला हॉर्न देऊन देऊन थकला तरी शेरा लिहिल्याशिवाय डायरी मिटत नाही. पहिली नोंद जून 2011 ची आहे. भाव लिटरला 68 रुपये आणि वर काही पैसे. शेरा : 'फार महाग.'

पुढे हा शब्द पुन्हा कुठे आलेला नाही. 2021 साली भावाने शंभरी ओलांडली, त्या दिवशी तिने शेऱ्याच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारली आहे.

जून 2026 मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे तिला आरटीओत नेऊन तिची तब्येत दाखवायची आणि नोंदणी वाढवून घ्यायची. तिथपर्यंत ती पोचेल याची खात्री तिच्या मेकॅनिकलाही नव्हती. तेव्हा दसऱ्याच्या सुमारास घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं. इथवर एकमत होतं. मग मुलीने विचारलं, "विजेची की पेट्रोलची?" आणि पुढचे दोन महिने आमच्याकडे जेवताना कुणी भाजीला नाव ठेवलं नाही. तेवढी उसंतच मिळाली नाही.

मुलगी विजेच्या बाजूची. धूर नाही, आवाज नाही, क्लच नाही, गिअर नाही. कर्वे रोडवर संध्याकाळी सहा वाजता क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा कुरकुरतो, हा मुद्दा तिने मांडला तेव्हा मी मनातून हललोच होतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा प्रश्न एकच, "पावसात भिजली तर शॉक नाही ना बसत?" मी तिला समजावलं की बॅटरी पक्की बंद केलेली असते, मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी आत थेंब जाऊ नये अशी तिची परीक्षा घेतात.

"आणि अर्ध्या तासानंतर?"

"तोवर आपण गाडीत नसू, आई."

"मग कुठे असू?"

त्या रात्री मी यादीतून आईचं मत वगळलं.

माझा स्वतःचा मुद्दा मात्र कुणाला खोडता येत नव्हता. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. पुण्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री. उद्या गुहागरला जायचं झालं तर? घाटात चार्ज संपला तर? पेट्रोल संपलं तर माणूस बाटली घेऊन कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जातो आणि आणतो. वीज कशात आणायची? मुलगी मोबाइलवर वाटेतली चार्जिंगची ठिकाणं दाखवायची, त्यावर मी विचारायचो, "आणि तिथली लाइट गेलेली असली तर?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण लाइट जाण्यावर महाराष्ट्रात कुणाकडेच उत्तर नसतं.

शोरूममधला मुलगा गोड होता. "सर, रेंज चारशे पासष्ट."

"खरी किती?"

तो हसला. "ते सर तुमच्या पायावर आहे." हे उत्तर मला ज्योतिषाचं वाटलं. मागून त्याने पुस्ती जोडली, की चारशे पासष्टचा आकडा एआरएआयने तपासलेला आहे. एआरएआय म्हणजे काय ते पुणेकराला सांगायला नको. वेताळ टेकडीवर ती संस्था आहे आणि अर्धं कोथरूड त्या टेकडीलाच एआरएआय म्हणतं. मी कित्येक सकाळी तिथे फिरायला जातो. म्हणजे आकडा आमच्या पेठेबाहेरचा असला तरी गावचाच. पण ही परीक्षा होते रोलरवर. गाडी जागच्या जागी उभी, चाकं फिरतायत, आणि वेग ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे. रोलरवर नळस्टॉपचा सिग्नल नाही, समोरून उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला नाही, मागच्या सीटवर "एसी वाढव" म्हणणारी आई नाही. व्यवहारी हिशेब असा, की छापील आकड्याच्या दोनतृतीयांश धरावा. पेट्रोलच्या गाडीचंही तसंच असतं म्हणा. आमच्या गाडीचं छापील ॲव्हरेज 18, डायरीतलं 14.

टेस्ट ड्राइव्हला बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मी पुन्हा दाबलं. "सर, आता बंद झाली," तो मुलगा म्हणाला. गाडी मघाशीच सुरू झाली होती. घरघर नाही, थरथर नाही. गाडी जिवंत आहे की नाही हे कळायला तिची नाडी बघावी लागेल असं वाटलं.

रात्री मी मुलीने दिलेलं वाचत बसलो. त्यात हेन्‍री फोर्डच्या बायकोची गोष्ट सापडली. नवरा मॉडेल टी गाड्या लाखांनी रस्त्यावर आणत होता, आणि क्लारा फोर्ड स्वतः मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी वापरायची. पेट्रोलच्या गाडीला तेव्हा पुढून हँडल मारावं लागे, वास येई, हात काळे होत. विजेची गाडी बटणावर निमूट निघायची. हे शंभरेक वर्षांपूर्वीचं. मी मोठ्या हौसेने हे बायकोला सांगितलं. ती डायरीतून मान वर न करता म्हणाली, "मग त्यांच्या घरी ठरलं होतं."

एव्हाना कऱ्हाडहून मेहुणे आले होते. त्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि त्यांचं मत कारखान्याच्या भोंग्याइतकं लांबून ऐकू येतं.

"दाजी, पेट्रोलच घ्या. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतंय. कशाचं? आमच्या उसाचं. तुम्ही शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं की वीस रुपयं शेतकऱ्याला."

एवढं सरळ गणित असतं तर शेतकऱ्याने मोर्चे कशाला काढले असते, हे मी बोललो नाही. शिवाय इथेनॉल काही नुसत्या उसाचं नसतं, मक्याचं आणि तांदळाचंही असतं, आणि त्यात पेट्रोलपेक्षा एकतृतीयांश ताकद कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. डायरीतला 14 चा आकडा अलीकडे 13 कडे झुकलेला दिसतो तो त्याचाच परिणाम की आमच्या मेकॅनिकचा, हे सांगणं कठीण आहे.

मुलगी म्हणाली, "मामा, पण विजेची गाडी स्वच्छ."

"वीज कशाची गं? चंद्रपूरला कोळसा जाळूनच करत्यात न्हवं?" मग त्यांनी दम घेतला आणि चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आणि कोयनेची असंल तर ती बी आमचीच. एकोणीसशे साठ मेगावॉट. ऊस आमचा, कोयना आमची. दाजी, कशावर बी चालवा, कऱ्हाडच्या उपकारावरच चालणार."

या वाक्यानंतर तटस्थ राहणं हाच मला सुज्ञपणा वाटला. अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना ऑगस्ट 2025 पासून टोल माफ झालाय, हे मुलीने शेवटचं अस्त्र म्हणून काढलं. मेहुणे म्हणाले, "म्हंजी टोल वाचवायला आधी मुंबईला जायचं."

हिशेब बायकोने केला. डायरीप्रमाणे गाडी साडेचौदा वर्षांत 73,000 किलोमीटर चालली. म्हणजे दिवसाला 14 किलोमीटरसुद्धा नाही. महिन्याला सव्वाचारशे धरा. पेट्रोल तीस लिटर, तीन हजारांच्या वर. तेवढंच अंतर विजेवर सत्तर युनिटांत होतं. महावितरणचा वरच्या टप्प्यातला दर लावला तरी साडेआठशे-नऊशे रुपये. महिना सव्वादोन हजारांची बचत. इथवर वाचून मी खूश झालो. पुढच्या ओळीत दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक होता, साडेतीन लाख. भागाकार तिने बाजूला करून ठेवला होता : तेरा वर्षं. सर्व्हिसिंगला ऑइल लागत नाही, ते धरून बारा.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. म्हणजे सत्तराव्या वर्षी मला फायदा सुरू होणार. बॅटरीची हमी आठ वर्षांची.

त्यात सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणलाय. विजेच्या गाडीचा पाचच होता, तो पाचच राहिला. म्हणजे ज्या दराच्या जोरावर विजेची गाडी स्वस्त वाटायची, तो जोरही गेला. शोरूमच्या जुन्या किमती घेऊन केलेलं पान तिने फाडलं नाही. वर 'जुना हिशेब' लिहून ठेवलं.

गंमत अशी की आमचे मेहुणे रोज कऱ्हाड-सांगली जाऊन-येऊन करतात. त्यांना साडेतीन लाख दीड-दोन वर्षांत सुटतील. पण ते घेणार नाहीत, कारण त्यांना चार्ज संपायची भीती. आम्ही दिवसाला 14 किलोमीटर जाणारे. आमचा चार्ज आठवडा-दोन आठवडे संपायचा नाही, आणि म्हणूनच पैसेही सुटायचे नाहीत. ज्याला परवडते तो घाबरतो, ज्याला घाबरायचं कारण नाही त्याला परवडत नाही. या गाड्या नेमक्या कोण घेतं, असं मी शोरूमच्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ज्यांच्याकडे एक पेट्रोलची आहे ते, सर."

सोसायटीची परवानगी हा एक स्वतंत्र अध्याय आहे. आमचं पार्किंग क्रमांक 17, चिंचेखाली, मीटररूमच्या अगदी दुसऱ्या टोकाला. केबल लागणार 32 मीटर, आणि ती तीन सभासदांच्या पार्किंगवरून जाणार. सभेत पहिल्याने विचारलं, वीज लिफ्टच्या मीटरवरून घेणार का? दुसऱ्याची हरकत आगीला होती. त्यांच्या पार्किंगमध्ये जुन्या गाद्या, रद्दी आणि रिकामे रंगाचे डबे छतापर्यंत रचलेले आहेत, आणि आगीबद्दल बोलताना ते त्यांना टेकूनच उभे होते. तिसऱ्यांना केबल मान्य होती, फक्त त्या बदल्यात त्यांच्या बाल्कनीच्या ग्रिलला आम्ही 2018 साली घेतलेली हरकत मागे घ्यावी. ती मी सभेतच मागे घेतली. मग एक आजोबा उठले आणि म्हणाले, "गुरुवारी काय करणार?" सगळी सभा गंभीर झाली. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. बुधवारी रात्री लावून ठेवू, असं मी म्हणालो. हे उत्तर इतिवृत्तात आलं आहे.

ठराव झाला, केबलला मंजुरी मिळाली, तरी मी रात्री जेवताना म्हणालोच, "सगळं खरं, पण गुहागरला जायचं झालं तर?"

बायको उठली, खाली जाऊन गाडीतली डायरी घेऊन आली. चष्मा लावला आणि शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत वाचू लागली.

"मे 2013. 'गुहागर. आंबे महाग.'" पानं उलटली. "नोव्हेंबर 2016. 'गुहागर. एटीएमला रांग.'" आणखी पानं. "मे 2019. 'गुहागरला निघालो.'"

पुढे काही नव्हतं. पुढचं मला आठवत होतं. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे क्लच गेला होता. गाडी टोचन करून पाटणला नेली, मेहुणे कऱ्हाडहून आम्हाला न्यायला आले, आणि तीन दिवस आम्ही त्यांच्याकडे आमरस खाऊन एसटीने परत आलो. पेट्रोलची टाकी मात्र भरलेली होती.

"अहो, दोनदा," बायको म्हणाली. "साडेचौदा वर्षांत दोनदा. आणि जायचंच झालं तर एसटी आहे."

एसटीचं नाव निघाल्यावर मुलीला राहवलं नाही. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि 2022 साली त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर महामंडळाची विजेवरची शिवाई धावली. "बाबा, एसटीसुद्धा गेली विजेवर." एसटी आपल्या पुढे निघून गेल्याचं ऐकून घ्यावं लागलेला मी घरातला पहिलाच माणूस असेन.

गाडी घेतली. विजेची. नंबरप्लेट हिरवी. बारा वर्षांच्या हिशेबाचं काय झालं, असं मेहुण्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी गुडघ्याचा विषय काढला. वॉचमनकाकांची मात्र अडचण झाली आहे. जुन्या गाडीची घरघर ऐकून ते फाटक उघडायचे. आता मी फाटकापर्यंत जाऊन उभा राहतो आणि ते वर्तमानपत्र वाचत राहतात. चिंचेखालचं कुत्रं गाडी सुरू झाली तरी उठत नाही, त्याला आधी हाक मारावी लागते.

पहिल्या रविवारी सासवडला गेलो. दिवे घाट चढताना रेंजचा आकडा असा भराभर उतरला की मी एसी बंद केला, मग रेडिओ बंद केला, मग आईला खिडकी अर्धीच उघडायला सांगितली. परतीला घाट उतरताना आकडा वर चढला. चार किलोमीटर! ब्रेकची ताकद बॅटरीत परत जाते, हे वाचलेलं होतं. पण खर्च केलेलं काही परत येताना प्रथमच पाहिलं. घरी पोचलो तेव्हा बॅटरी 74 टक्के होती.

डायरीत बायकोने पेट्रोलच्या शेवटच्या नोंदीखाली दुहेरी रेघ मारली आहे. 'लिटर' खोडून वर 'युनिट' लिहिलंय. नवी पहिली नोंद त्या रविवारची. सासवड, जाऊन-येऊन 76 किलोमीटर. शेरा : 'हे घाबरले.'