बारा महिने, तेरा रिचार्ज

वर्षाचे महिने बारा आणि मोबाइलचे रिचार्ज तेरा. २८ दिवसांचा पॅक तेरा वेळा मारला की ३६४ दिवस भरतात. तो तेरावा रिचार्ज रोजंदारीवर जाणाऱ्याच्या खिशातून जातो. पूर्वी मापातलं पाप तराजूत असायचं, आज ते दिवसांच्या मोजणीत आहे. ३० दिवसांचा किमान एक पॅक ठेवलाच पाहिजे, असा आदेश ‘ट्राय’नं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०२२ मध्ये दिला. तरी दुकानात पुढे केला जातो तो २८ दिवसांचाच.

बाजाराच्या दिवशी लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात रिचार्जच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहा. बटणाचा मोबाइल पदरात गुंडाळून आणलेली एखादी मावशी येईल. ‘मला नेट कशाला रे बाबा? पोरगं पुण्याला हाय, त्याचा आवाज ऐकू आला की झालं.’ दुकानदार म्हणेल, ‘मावशी, नेटशिवाय पॅकच येत नाही.’ मावशी गाठ सोडून पैसे देईल. तिच्या मोबाइलवर इंटरनेट चालत नाही, पण इंटरनेटचं बिल ती दर २८ दिवसांनी भरते.

दुकानदाराचं ते उत्तर आता खरं राहिलेलं नाही. फक्त बोलणं आणि एसएमएस एवढ्यापुरता पॅक प्रत्येक कंपनीनं द्यावाच, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असा नियम ‘ट्राय’नं डिसेंबर २०२४ मध्ये केला. नियम मावशीच्या बाजूनं आहे. तो तिच्यापर्यंत पोचवणारा माणूस नाही. माझं भांडण या रिकाम्या जागेशी आहे.

कारण असे नियम आभाळातून पडत नाहीत. ‘ट्राय’ आधी प्रश्न मांडणारा मसुदा काढते, लेखी मतं मागवते, खुली सुनावणी घेते. जो बोलतो त्याचं ऐकलं जातं. ठरावीक साइटच फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला विरोध करणाऱ्यांनी २०१५ मध्ये ईमेलचा पाऊस पाडला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला कुठली साइट पाहता त्यावरून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी आली. त्याच वर्षी मे महिन्यात उलटंही घडलं. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, हा नियम कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि तो रद्द झाला. कंपन्यांकडे वकिलांची फौज होती. ग्राहकाच्या बाजूनंही तितकंच तयारीचं माणूस पाहिजे.

महाराष्ट्रात अशी माणसं झाली आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेल, साखर, डाळीच्या भावाशी भांडत ही चळवळ वाढली आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. आता तेच काम जीबी, टॉवर आणि ओटीपीच्या बाबतीत करायचं आहे. त्यासाठी आयुष्य द्यावं लागेल. फावल्या वेळात ते होणार नाही.

एक काम तर समोरच पडलंय. जिल्ह्यात नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद राहिलं तर ग्राहकाला भरपाई, असा नियम २०२४ मध्ये झाला. पण हिशेब जिल्ह्याचा. वादळात लाइट गेली, बॅटरी संपली आणि एका गावचा टॉवर दोन दिवस मुका झाला, तर तो कुठे मोजायचा? गावागावात वही ठेवा. टॉवर कधी गेला, कधी आला, तारीख-वेळ लिहा. अशा पन्नास वह्या घेऊन ‘ट्राय’समोर उभं राहणारा माणूस ‘हिशेब गावाचा धरा’ म्हणाला, तर त्याला टाळणं सोपं नाही.

पुढची पायरी जगाची आहे. इंटरनेटवरची नावं आणि पत्ते यांचा कारभार ‘आयकॅन’ ही संस्था पाहते. तिथं सामान्य वापरकर्त्यांची बाजू मांडायला १५ जणांची समिती आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयकॅनची बैठक हैदराबादला भरली, लातूरहून एका रात्रीच्या अंतरावर. आमदार गोपीनाथ मुंडेंमुळे रेणापूर मतदारसंघाचं नाव विधानसभेत वर्षानुवर्षं गाजलं, पुढे पुनर्रचनेत तो मतदारसंघ गेला. इंटरनेटच्या सभेत तर रेणापूरचा आवाज अजून पोचायचाच आहे.

परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’नं डॉक्टर दिले, इंजिनिअर दिले. मी या जिल्ह्याकडे ग्राहकाची बाजू लढणारी पोरं मागतोय, ज्यांना कायदाही कळतो आणि सर्व्हरही. ‘ट्राय’कडे ग्राहक संघटनांची नोंदणी होते. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात, लातूरला करता येते.

सुरुवात कलेक्टर कचेरीतून करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि वर्षातून किमान दोन बैठका घ्याव्याच लागतात. पुढच्या बैठकीत तीन विषय घ्यायला लावा: बंद टॉवरची गाववार नोंद, प्रत्येक रिचार्ज दुकानात फक्त बोलण्याच्या पॅकचा मराठी फलक, आणि ‘ट्राय’चे मसुदे मराठीत मिळावेत असा ठराव. बैठक झाली की इतिवृत्ताची प्रत मागा. ती मिळेपर्यंत कचेरीतून हलू नका.