मेणबत्तीचे अर्थशास्त्र आणि काचेच्या जारांचा प्रश्न

मेणबत्ती ही वस्तू मूलतः दोनच घटकांची असते: जळणारे मेण आणि ते वितळल्यावर ज्योतीपर्यंत ओढून नेणारी वात. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली सहा व्याख्याने या दोन घटकांवरच उभी होती आणि त्यांतून ज्वलनाचे बरेचसे रसायनशास्त्र मुलांच्या पदरी पडले. त्यासाठी सोनेरी वर्ख, साटीनची रिबन किंवा ‘शुभ दीपावली’ असे छापलेला टॅग यांची गरज त्यांना भासल्याचे दिसत नाही. महाराष्ट्रातील शहरांत मात्र गणपती गेले की घरगुती मेणबत्ती-उद्योगाची जी लाट येते, तिच्यात एक निराळाच नियम आढळतो, तो असा की भांडवल जितके तुटपुंजे, तितका त्यातील मोठा वाटा न जळणाऱ्या वस्तूंवर खर्च होतो. येथे तुटपुंजे भांडवल याचा अर्थ घरखर्चातून बाजूला काढलेली, बँकेला, प्राप्तिकर खात्याला आणि शक्यतो घरातील इतर मंडळींनाही ठाऊक नसलेली, पाच हजारांच्या आतली रक्कम असा घ्यावा.

ही रक्कम खर्च करण्याची स्थाने ठरलेली आहेत. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या अंगाची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि सुगंधी द्रव्यांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, या ठिकाणी नवशिक्या मेणबत्तीकाराला पहिला धक्का बसतो तो भावाचा नव्हे, तर मापाचा. घाऊक बाजारात मेण लादीने मिळते. लादी म्हणजे साधारण पाच किलोचा, पांढरा, फरशीसारखा चपटा ठोकळा. त्यातले अर्धा किलो मागणाऱ्या ग्राहकाकडे दुकानदार रागाने पाहत नाही, उलट काहीशा करुणेनेच पाहतो आणि ‘ताई, लादीच घेऊन जा, सुटं परवडत नाही,’ असे सांगतो. हे न परवडणे नेमके कोणाला, याचा खुलासा तो करत नाही. ताईंनी फारच आग्रह धरला तर नोकर गोदामातून हातोडी आणतो, लादीच्या कोपऱ्यावर दोन घाव घालतो आणि जो तुकडा निघेल तो अर्धा किलो, असे उभयपक्षी मान्य होते.

मेणाच्या जातींचे वर्गीकरण येथे थोडक्यात देणे आवश्यक आहे, कारण अंदाजपत्रकाची पहिली फाटाफूट याच टप्प्यावर होते. पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हाती लागणारे मेण असून, १९०१ साली सुरू झालेल्या आसामातील दिग्बोईच्या रिफायनरीसारख्या कारखान्यांतून ते तयार होते. त्यातील तेलाचा अंश जवळजवळ पूर्ण काढला असेल तर त्याला ‘फुल रिफाइंड’ म्हणतात आणि थोडा राहू दिला असेल तर ‘सेमी रिफाइंड’. दुसरा प्रकार स्वस्त असतो. त्याची मेणबत्ती उन्हाळ्यात घामेजते, हाताला तेलकट लागते आणि जळताना धूर जास्त देते, पण साच्यातून काढल्याबरोबर काढलेल्या छायाचित्रात यांपैकी काहीही दिसत नाही, हा तिचा मोठा गुण मानला जातो. सोया मेण हे सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले मेण असून ते अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढे आले. लातूर आणि वाशीमकडचा शेतकरी ज्या सोयाबीनच्या भावासाठी दरवर्षी रस्त्यावर उतरतो, त्याच सोयाबीनचे मेण शहरातल्या दुकानात पॅराफिनच्या कितीतरी पट भावाने विकले जाते, हा विषय कृषी-अर्थशास्त्राचा असल्याने येथे सोडून देणे बरे. नवशिक्यापुरती अडचण अशी की विवेक सोयाकडे ओढतो आणि पाकीट पॅराफिनकडे. मग दोन्ही थोडे थोडे घेऊन एकत्र वितळवले जाते आणि लेबलावर ‘सोया ब्लेंड’ असे लिहिले जाते, ज्यातील सोयाचे प्रमाण बटाटेवड्याच्या सारणातील आल्याइतके असू शकते.

मेणाखालोखाल महत्त्वाची असलेली वात मात्र सर्वांत दुर्लक्षित राहते, आणि ते अन्यायाचे आहे, कारण ती सर्वांत स्वस्त असून मेणबत्तीचे बरेवाईट तीच ठरवते. कांबासेरेस या फ्रेंच गृहस्थाने १८२५ च्या सुमारास पिळाच्या जागी वेणीसारखी विणलेली वात वापरात आणली, तोपर्यंत वातीचे काजळलेले टोक कात्रीने सारखे छाटत बसावे लागे. विणलेली वात जळताना आपोआप एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला हवेत जाते आणि तिथे जळून राख होते. दोनशे वर्षांपूर्वी सुटलेला हा प्रश्न काटकसरी घरांत दरवर्षी नव्याने निर्माण केला जातो, कारण देव्हाऱ्यापाशी फुलवातींची पिशवी आधीच असते आणि कापूस तो कापूसच, असा युक्तिवाद केला जातो. फुलवात तुपात उत्तम जळते, परंतु मेणात तिला ताठ उभे राहता येत नाही. ती कलते, बुडते आणि विझते. याउलट बाजारातून आणलेली वात जारच्या मानाने बारीक निघाली तर मेण फक्त मध्यभागी वितळून बोगदा पडतो आणि जाड निघाली तर काजळीने जारचे तोंड काळे होते. वातीचा क्रमांक जारच्या व्यासावरून ठरवायचा असतो, पण व्यास मोजायला लागणारी पट्टी मुलाच्या दप्तरात असते आणि मूल शाळेत असते.

रंगाच्या बाबतीतही स्वयंपाकघरच मदतीला धावते. जिलबीचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तो मेणात ठिपक्यांच्या रूपाने तळाशी बसतो. मुलांचे मेणाचे खडू किसून घातले तर रंग येतो खरा, पण त्यातील न वितळणारे रंगकण वातीच्या धाग्यांत अडकून तिचा श्वास कोंडतात. व्हॅनिला इसेन्सचीही गत तीच होते, कारण तो केकसाठी बनवलेला असून मेणाशी त्याचे जुळत नाही. यासाठी तेलात विरघळणारे रंग आणि मेणबत्तीसाठीच तयार केलेली सुगंधी तेले लागतात, आणि अंदाजपत्रकाचा खरा शेवट होतो तो या तेलांच्या दुकानात.

सुगंधाचे गणित साधे आहे. मेणाच्या वजनाच्या सहा टक्के तेल धरले तर पाच किलो मेणाला ३०० ग्रॅम तेल लागते. एकाच सुगंधाची एक मोठी बाटली घेतली तर काम भागते आणि ती किलोमागे स्वस्तही पडते. परंतु दुकानाच्या फळीवर मोगरा, केवडा, चंदन, गुलाब, कॉफी, दालचिनी आणि ‘समुद्राची झुळूक’ अशा १५ मिलीच्या बाटल्यांची रांग लागलेली असते, प्रत्येकीची किंमत एकेकटी पाहता क्षुल्लक असते आणि ग्राहकाला निवड हवी असते हे व्यवसायाचे पहिले सूत्र प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेले असते. त्यामुळे अकरा बाटल्या घेतल्या जातात. एका बाटलीत फार तर २५० ग्रॅम मेण सुवासिक होते, म्हणजे दोन मेणबत्त्याही नीट होत नाहीत. अशा प्रकारे अकरा सुगंधांचा कारखाना प्रत्यक्षात प्रत्येक सुगंधाची दीड मेणबत्ती एवढ्या उत्पादनक्षमतेने उभा राहतो. ‘समुद्राची झुळूक’ या सुगंधाचा ज्या समुद्राशी संबंध असेल तो भाऊच्या धक्क्यावरून दिसणारा खासच नव्हे, हेही नोंदवले पाहिजे.

उपकरणांचा खर्च अंदाजपत्रकात शून्य दाखवण्याची प्रथा आहे, कारण ‘घरातलीच भांडी वापरायची’ असे ठरलेले असते. मेण थेट आचेवर ठेवत नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे लहान भांडे ठेवतात, म्हणजे मेण शंभर अंशांच्या पुढे तापत नाही आणि पेटण्याची भीती राहत नाही. (पेटलेच तर गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवायचे असते, पाणी ओतल्यास पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण छतापर्यंत उडते, आणि हे वाक्य विनोदी लेखातले असले तरी ते विनोदाने घेऊ नये.) या कामासाठी घरातले नेमके कोणते भांडे द्यावे, याविषयी सासूबाईंचे आणि सूनबाईंचे मत क्वचितच एक असते. एकदा मेण लागलेले पातेले पुन्हा दुधाला चालत नाही, हा निकाल मात्र दोघींच्या एकमताने लागतो आणि नवे पातेले घरखर्चाच्या खात्यावर येते. उरलेले पातळ मेण मोरीत ओतल्याने जो प्लंबर बोलवावा लागतो, त्याची नोंद तर कोणत्याच खात्यावर होत नाही. दोनशे-अडीचशे रुपयांत मिळणारा तापमापक ही या सगळ्या यादीतली खरोखर पैसे वाचवणारी एकमेव वस्तू असून ती जवळपास कोणीही घेत नाही.

आता जार. आरंभीचा विचार नेहमी सात्त्विक असतो: घरातल्या जॅमच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बाटल्या वापरायच्या. पण त्या सगळ्या एकसारख्या नसतात, झाकणावरचा लोणच्याचा वास मोगऱ्याला जुमानत नाही आणि काच पातळ असेल तर ज्योत तळाशी पोचल्यावर तडकण्याचा धोका राहतो. म्हणून जार विकत घ्यायचे ठरते आणि ते डझनाने मिळतात. बूच असलेला काचेचा जार त्यात मावणाऱ्या पॅराफिनपेक्षा महाग असतो, ही गोष्ट बिल हातात पडल्यावर ध्यानात येते. २०० मिलीच्या जारला २०० ग्रॅम मेण लागेल, असा हिशोब बहुतेक सगळे करतात. पाण्यापुरता तो बरोबर आहे, पण पातळ मेण पाण्याहून बरेच हलके असल्याने तो जार साधारण दीडशे ग्रॅममध्येच भरतो. म्हणजे या धंद्यात अनपेक्षित अशी एकच बचत होते, आणि ती लगेच आणखी एक डझन जार घेण्यात खर्ची पडते, कारण मेण उरले असे दिसते. प्रत्यक्षात थंड होताना मेण आक्रसते, वातीभोवती खळगा पडतो आणि तो भरायला पुन्हा मेण वितळवावे लागते. उरलेल्यातले बरेचसे तिथे जाते आणि बाकीचे पहिल्या फसलेल्या घाण्यात गेलेलेच असते. शेवटी चित्र असे दिसते की जार चोवीस, सुगंध अकरा, रिबनची रिळे सहा, आणि मेण संपलेले.

हीच खरेदी उलट्या क्रमाने करता येते, याचे उदाहरण महाबळेश्वरात आहे. सनराइज कँडल्सचे संस्थापक भावेश भाटिया यांनी दृष्टी गेल्यानंतर मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्त्या करण्याचे शिक्षण घेतले आणि महाबळेश्वरच्या बाजारात भाड्याच्या हातगाडीवर विक्री सुरू केली. रोजच्या गल्ल्यातून २५ रुपये दुसऱ्या दिवशीच्या कच्च्या मालासाठी बाजूला ठेवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. आधी विक्री आणि मग तेवढ्यापुरती खरेदी या पद्धतीत रिबनचा प्रश्नच उद्भवत नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही, जी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते, मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे विकली जातात. तिथे ग्राहक आपले दुखणे किंवा आपली इच्छा सांगतो आणि विक्रेता त्या आकाराचे मेण देतो, सुगंध कोणता हे कोणी विचारत नाही. दिवाळीच्या प्रदर्शनातल्या ग्राहकाला मात्र नक्की काय हवे असते हे सांगता येत नाही. तो जार उचलतो, झाकण काढून हुंगतो, किंमत विचारतो, ‘मेणबत्तीचे एवढे?’ असे म्हणतो आणि शेजारच्या टेबलावरचे शंकरपाळे घेऊन जातो. जो खरोखर विकत घेतो, तोही ती पेटवत नाही, कारण ती कोणाला तरी भेट द्यायची असते आणि ज्याला दिली जाते त्याला ती जाळवत नाही.

हंगाम संपल्यावर उरलेल्या साहित्याचे काय होते, याचा अभ्यास कोणी केलेला दिसत नाही, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहांवर नोव्हेंबरअखेर ‘मेणबत्तीचे साहित्य, अगदी कमी वापरलेले’ अशा मजकुराचे संदेश येऊ लागतात. साचे, अर्ध्याहून भरलेल्या बाटल्या आणि वातीचे रीळ सी विंगमधून ए विंगमध्ये जाते, पुढल्या वर्षी तिथून समोरच्या सोसायटीत. किंमत सहसा ठरत नाही. ‘आधी करून तर बघ, मग दे’ असे म्हटले जाते आणि मग कोणी देत नाही. जार मात्र या व्यवहारात नसतात. नव्या मालकिणीने विचारलेच तर ते फुटले असे सांगण्यात येते. प्रत्यक्षात त्यांपैकी नऊ-दहांत मेतकूट, जवसाची चटणी आणि थालीपिठाची भाजणी भरलेली असते, आणि बूच घट्ट बसत असल्याने त्यात मुंग्या शिरत नाहीत.