आपण बांधलं!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घराचे जावई झालात, की पहिल्या मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला दारात एक काका उभे राहतात. डोक्याला कानटोपी, खांद्याला कापडी पिशवी. ते सख्खे काका असतीलच असं नाही. आमच्या हिचे सख्खे नव्हते, फालके बाजारातले होते. पण लष्करात तेवढं नातं पुरतं. (दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथं तळ ठोकला, तो उठलाच नाही, म्हणून गावाचं नाव लष्कर. काका हे अशा सुरात सांगतात, की तळ उठवावा का, असं त्यांना विचारायला माणूस आला होता आणि त्यांनी नको म्हटलं.)

"जावईबापू, चला. ऊन व्हायच्या आत ग्वाल्हेर उरकू."

पिशवीत काय असतं ते मी पाहिलंय. बसायला जुनी वर्तमानपत्रं, पेरू कापायला चाकू, पुडीत तिखटमीठ, थर्मास आणि काकूंनी रात्रीच तळलेल्या पुऱ्या. पाकीटही असतं. पण ते तळाशी, पुऱ्यांच्याही खाली. ते काढायचं तर सगळा संसार उपसावा लागतो, आणि तोवर रिक्षावाल्याला पैसे देऊन जावई मोकळा झालेला असतो.

या काकांना ओळखायचं ते 'आपण'वरून. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एका दगडात कोरलेलं, दोन माणसं आत गेली की भरणारं. त्यातल्या सन 876 च्या शिलालेखात शून्य आहे, आजच्यासारखं गोल, स्पष्ट. जगभरचे गणिती ते बघायला येतात. काकांना गणिताशी कर्तव्य नाही. लेखात एका बागेची मोजमापं आहेत, 270 हात बाय 187 हात, आणि देवाला रोज पन्नास हार द्यायची सोय. "बघा, शून्य कशासाठी लागलं? बागेसाठी! आपण पहिल्यापासून बागांचे शौकीन." मी म्हटलं, काका, 876 साली शिंदे कुठले इथं? काकांनी पेरूची फोड पुढे केली. तोंड भरलेल्या माणसाला शंका विचारता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

मानसिंग तोमराचा मानमंदिर महालसुद्धा 'आपण'च बांधला. जयविलास तर विचारूच नका. "1874 साली आपण हा वाडा बांधला. दरबार हॉलमधली झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. छत पेलेल की नाही म्हणून आधी वर हत्ती चढवून बघितले. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची. सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबायची, ठेवली की चालू!" हे सगळं फाटकाबाहेर, झाडाच्या सावलीत. तिकीटखिडकी दिसताच व्याकरण बदललं. "त्यांनी तिकीट लावलंय. तुम्ही या बघून, मी पिशवी सांभाळतो. घरच्या माणसानं तिकीट काढणं बरं दिसत नाही."

तानसेनाच्या कबरीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा. मूळ झाड गवयांनीच खाऊन संपवलं, हे त्याच्या जागी आलेलं, असं म्हणतात. काकांनी पाच पानं तोडून माझ्या हातावर ठेवली, स्वतः तीन खाल्ली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग मान हलवून म्हणाले, "लागतंय." दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून माझा आवाज ऐकून हिनं दार वाजवलं, तेव्हा गुण माझ्यापर्यंत पोचला नसल्याचं कळलं. काकांचा दोष नाही, डोस कमी पडला असेल.

पराक्रमच 'आपण' करतो असं नव्हे, फजितीही करतो. तिघरा धरणाच्या बांधावर पुऱ्या सोडता सोडता काकांनी अभिमानानं सांगितलं, "दारं विश्वेश्वरय्यांची. तुमच्या खडकवासल्याला बसवली ना, तसलीच, आपोआप उघडणारी. 1917 साली आपलं धरण फुटलं!" फुटलं हे त्यांनी असं सांगितलं, की जणू खडकवासल्याला हे कधी जमलंच नाही, आणि पुणेकर म्हणून मला जरा लाज वाटली. तेव्हा मी 1961 साली फुटलेल्या पानशेतचं, आणि पाठोपाठ फुटलेल्या खडकवासल्याचंही, नाव काढलं. काका गंभीर झाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला बरोबरीच्या माणसासारखा चहा ओतून दिला.

फक्त एका ठिकाणी त्यांचा 'आपण' अडखळला. फुलबागेत त्यांनी मशीद, गुरुद्वारा, गोपाळमंदिर आणि थिऑसॉफीवाल्यांची वास्तू एका दमात दाखवली. 1922 साली वेल्सचा राजपुत्र आला तेव्हाची ही बाग. तिथून चार पावलांवर झाशीच्या राणीची समाधी. काकांनी चपला काढल्या, कानटोपीही काढली. जून 1858 मध्ये राणी इथं पडली. तेव्हा शिंद्यांची फौज तिला जाऊन मिळाली होती, आणि खुद्द जयाजीराव आग्र्याला इंग्रजांकडे निघून गेले होते. आता इथं 'आपण' म्हणजे नक्की कोण? मी वाट पाहिली. काकांनी उगाच वर्तमानपत्राच्या घड्या केल्या. थर्मासचं झाकण उघडलं, लावलं.

"तांब्यांनी केलीय कविता तिच्यावर," ते अखेर म्हणाले. "भा. रा. तांबे. ग्वाल्हेरचे राजकवी." आणि थोड्या वेळानं, हळूच, "म्हणजे आपलेच."

परत येताना त्यांनी मला बेडई आणि जिलबी खाऊ घातली आणि पैसे स्वतः दिले. त्यासाठी पुऱ्यांचा रिकामा डबा, चाकू, थर्मास, सगळं दुकानाच्या बाकावर मांडलं. मागे रांग लागली, तरी त्यांनी घाई केली नाही.

स्टेशनवर सोडायला आले ते गजकची दोन पाकिटं घेऊन. गाडी हलताना खिडकीशी चालत म्हणाले, "पुढच्या खेपेला मितावलीला जाऊ. चौसष्ट योगिनी. आपण गोल देऊळ बांधलंय तिथं." मी हिला विचारलं, काका किती वेळा गेले असतील तिथं? ही म्हणाली, एकदाही नाही. पाहुणा आल्याशिवाय ते कुठंच जात नाहीत, आणि मितावलीपर्यंत टिकणारा पाहुणा त्यांना अजून मिळालेला नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी ग्वाल्हेरला जाणार असेल तर डिसेंबरात जा, पायात चालायचे बूट घाला, सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा, आणि काकांना सांगा, मितावलीपासून सुरुवात करू.